बेबीला ग्लिसरीन लागत नाही

सोमवार, ३ मार्च

खारूताईला रडता येत नाही. सतत काहीतरी कुरतडते, म्हणून वर्गात तिला हेच नाव पडलंय. दीड महिना तालीम चाललीय, नाटक शुक्रवारवर आलंय, आणि ही पोर हरवलेल्या मुलीचं काम दात काढत करतेय. आज अख्ख्या वर्गासमोर म्हटलं, "तुझ्याऐवजी खुर्ची ठेवते. ती निदान हसणार तरी नाही." पोरं खिदळली. तीही खिदळली. आठ वर्षांची झाली तरी आपला अपमान झालेला कळत नाही.

चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "बाई, डोळ्यांत ग्लिसरीन घाला आणि मोकळ्या व्हा." मला हसूच आलं. पाच ते तेरा वर्षांपर्यंत मी सतरा सिनेमांत रडले, हे इथे कुणाला ठाऊक नाही. बेबीला ग्लिसरीन लागत नाही — आमचे निर्माते छाती फुगवून सांगायचे. देश सोडला तेव्हा त्या बेबीला तिकडेच टाकून आले. इथे मी तिसरीच्या बाई, बास.

मंगळवार, ४ मार्च

धाकट्या भावाचा फोन. आईला स्वतःकडे नेतोय, जुनं घर रिकामं करतोय. "ताई, तुझं काही हवंय का इथलं?" म्हटलं, जाळून टाक.

बुधवार, ५ मार्च

ग्लिसरीन का लागत नव्हतं, ते एकदा लिहूनच टाकते.

शॉटच्या आधी आई यायची आणि कानात बोलायची. सुरुवातीला "आजी गेली." आजी चारदा गेली, मग मी रडेना. मग "बाबा घर सोडून गेले." तेही शिळं झालं. शेवटी तिला हवं ते वाक्य सापडलं — "तू माझी नाहीसच. तुला कुणाकडून तरी आणलंय. आज परत देऊन टाकणार." याला कधी मरण आलं नाही. शॉट ओके झाला की रुमालानं माझं तोंड पुसायची. "वेडे, खोटं होतं ते." आणि मी दर वेळी तिच्या गळ्यात पडायचे. एवढी कशी मी मूर्ख!

आमच्या शाळेत कुठली बाई असं करताना दिसली, तर मी स्वतः तिला दाराबाहेर काढीन.

शुक्रवार, ७ मार्च

केलं.

खारूताई विंगेत उभी होती, केसांची रिबिन चघळत. एन्ट्रीला अर्धा मिनिट. मी वाकले आणि तेच वाक्य, आईच्याच आवाजात. "ती तुझी आई नाहीच. तुला कुणाकडून तरी आणलंय. आज परत देऊन टाकणार आहेत." रिबिन तोंडातून गळली. मी तिला स्टेजवर ढकललं.

काय रडली! सभागृह चिडीचूप. मुख्याध्यापिका नाक पुसत होत्या. आणि मला काय वाटत होतं? लाज नाही वाटली. आवडलं मला. टाळ्या थांबेपर्यंत आवडत होतं. मग तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "वेडे, खोटं होतं ते." ती गळ्यात पडली नाही. दोन पावलं मागे सरकली.

सोमवार, १० मार्च

सकाळी ऑफिसात खारूताईची आई. वाटलं, आता अंगावर धावून येते. पण नाही. "तीन रात्री ती माझा हात सोडायला तयार नाही," एवढंच म्हणाली. चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं, असं ठरलं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "का केलंत?" म्हटलं, नाटक पडलं असतं.

निघाले तर व्हरांड्यात खारूताई. दप्तरातून एक फोटो काढला. दवाखान्यातली खाट, केस पिंजारलेली तिची आई, छातीवर लालभडक गोळा.

"ही मी. तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"तुम्हाला असं कसं सुचलं?"

"माझी आई मला असंच सांगायची."

"मग तिनं तुम्हाला फोटो नाही दाखवला?"

साधा प्रश्न. मी पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिले.

मंगळवार, ११ मार्च

धाकट्याचा पहिल्या दिवसापासूनचा जाडजूड अल्बम आहे. त्यात त्याला मांडीवर घेऊन मीही आहे, सात वर्षांची, मेकअपसकट. माझा स्वतःचा सगळ्यात जुना फोटो पहिल्या सिनेमाच्या सेटवरचा.

आईला फोन लावला. "तान्हेपणीचा माझा एखादा फोटो आहे का गं?" तर म्हणते, "तेव्हा कुठला आलाय कॅमेरा आपल्याकडे!" मग सरळच विचारलं, "मी तुझीच ना?" आधी म्हणाली, जेवलीस का. आणि मग तोच जुना आवाज, "वेडे, खोटं होतं ते."

मला बरं वाटलं. बेचाळीस वर्षांची घोडी, पुन्हा गळ्यात पडले.

फोन ठेवल्यावर मात्र धाकट्याला निरोप टाकला — जाळू नकोस. माझं जे सापडेल ते पाठव.

बुधवार, २६ मार्च

धाकट्याचं पाकीट आलं. आईच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी एकच फोटो सापडला म्हणे. मी, दोनेक वर्षांची, कुठल्या तरी परक्या घराच्या पायरीवर. मागे पेनानं लिहिलंय. अक्षर आईचं नाही. बाबांचंही नाही.

"लगेच रडते. जवळ घेतलं की थांबते."