डिस्ट्रिब्यूटरवरचं रबर

उस्ताद,

परवा शेजारच्या मुलानं लग्नाच्या वरातीसाठी कुठून तरी एक जुनी गाडी भाड्यानं आणली आणि ती ऐन दारात बंद पडली. मी रिटायर झालेला मेकॅनिक, म्हणून मला बोलावलं. मी प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली आणि सवयीनं नाकाशी नेली. जळक्या बेकलाइटचा वास होता, दुसरा कसलाच नाही. पॉइंट घासले, गाडी चालू झाली, पोरं नाचायला लागली. मी मात्र घरी येऊन जेवलो नाही. इतक्या वर्षांनी, एक साधी कॅप नाकाशी नेली म्हणून. त्यापायी आज तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्हाला मरून जमाना झाला. माणसानं 'वारल्याला' असं लिहावं, पण आज माझ्यानं तेवढी अदब पाळवत नाही.

विद्या तुमची होती, ती नाकारत नाही. अकोल्याच्या त्या टिनाच्या शेडमध्ये तुम्ही मला पहिला पिस्टन वर आणायला शिकवलं, पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवायला शिकवलं. कागद जिथं सुटतो तिथं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ. पुढं गेलं तर हँडल उलटा झटका देतं आणि मनगट जातं, मागं राहिलं तर इंजिन तापतं आणि गाडी चढावर जीव टाकते. "कान दे, लेका, गाडी सोताच सांगते," असं तुम्ही म्हणायचात. मी कान दिला. दुसऱ्या गॅरेजात माझ्यासारख्याचा चहाचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली भाकर मोडून घेतली, ठेच्याला हात घातला आणि "तुह्या मायच्या हाताले चव हाय" म्हणालात. आम्ही दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. आईनं घरातले देव मोर्णा नदीत सोडले होते आणि तिला काळजी होती की बाहेर लोक कसे वागतील. मी तिला सांगितलं, आमचे उस्ताद तसे नाहीत. हे वाक्य मी किती अभिमानानं बोललो होतो ते आठवलं की आज मला लाज वाटते.

मग शेठची ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची काळी अमेरिकन गाडी आली. शेठचं जिनिंग अकोटला आणि बंगला अकोल्यात, त्यामुळं कापसाच्या हंगामात त्यांना रोज सकाळी निघावं लागायचं. आधी तुम्हीच त्या गाडीचं बघायचात. तुमचा गुडघा धरला तेव्हापासून मला पाठवायला लागलात. मी संध्याकाळी जायचो, पॉइंट साफ करायचो, टायमिंग लावायचो, शेठसमोर चालू करून दाखवायचो. एका हँडलात इंजिन धरायचं आणि घड्याळासारखं चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा ड्रायव्हर सायकलवर हजर: "मिस्तरी, गाडी काही केल्या घेऊन नाही राहिली!" संध्याकाळी पुन्हा जावं तर गाडी लगेच चालू. मी कंडेन्सर बदलला, रोटर बदलला, प्लगच्या वायरी बदलल्या, रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात ते डिस्ट्रिब्यूटर खोलत राहिलो. मला वाटायला लागलं की मला काही येतच नाही.

आणि तुम्ही काय केलंत? शेठ एकदा टांग्यातून गॅरेजवर येऊन ओरडून गेले. ते गेल्यावर तुम्ही सगळ्या मेकॅनिकांसमोर पाना आपटलात. "तुह्या हातून टायमिंग बसत नाही बे! गिऱ्हाईक घालवतं का माह्यं?" मी मान खाली घातली. त्याच आठवड्यात अमरावतीच्या सरकारी वर्कशॉपचे फोरमन तुमच्याकडे आले होते. त्यांच्याकडे नव्या जीपगाड्या आल्या होत्या, इग्निशनचं काम जाणणारा माणूस हवा होता. त्यांना तुमच्या शब्दावर माणूस घ्यायचा होता आणि ती जागा माझी आहे असं तुम्हीच मला महिनाभर सांगत होतात. मी पडद्याआड चहा गाळत होतो, म्हणून ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "पोरगा चांगला हाय साहेब, पण कच्चा हाय अजून. टायमिंगले हात बसला नाही त्याचा." फोरमन चहा पिऊन निघून गेले. सरकारी नोकरी, पक्कं घर, आईचं मजुरीला जाणं बंद, हे सगळं त्या दोन वाक्यांत गेलं. तरी तुमचा राग आला नाही, स्वतःचाच आला.

त्या रागातच एका सकाळी, ड्रायव्हर बोलवायला येण्याच्या आत, मी शेठच्या बंगल्यावर पोचलो. थंडी कडाक्याची होती. बोनेट उघडलं आणि वास आला. गोमूत्राचा. कॅपखाली सगळं ओलं, पितळी टोकांवर हिरवट बुरशी आल्यासारखं, वायरींच्या गुंत्यात तुळशीचं पान चिकटलेलं. ओल्या कॅपमध्ये करंट भलतीकडेच पळतो, प्लगपर्यंत पोचत नाही. दिवसभराच्या उन्हानं ते वाळायचं आणि संध्याकाळी मला गाडी धडधाकट सापडायची. ड्रायव्हर मागं येऊन उभा होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी गेल्यावर शेठची माय तांब्या घेऊन येते. हात कुठं कुठं लागला, ते मले दाखवा लागते. काय करू भाऊ, नोकरी हाय." मी जिथं दुरुस्त करायचो, बरोबर तिथंच ती बाई ओतायची. ओतलं की गाडी बंद, बंद पडली की मी यायचो, मी आलो की पुन्हा तांब्या. मी पोर्चच्या कडेला जाऊन ओकलो.

ती कॅप तशीच ओली घेऊन तुमच्याकडे आलो. वाटलं होतं, तुम्ही भडकाल, शेठच्या घरी जाऊन चार शब्द सुनावाल. तुम्ही कॅपकडे नीट पाहिलंदेखील नाही.

"मालूम होतं रे मले," तुम्ही म्हणालात.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. तू बदलून आनलेल्या वायरींवर गोमूत्राचं पांढरं बसलेलं पायलं होतं मी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं. आन मले वाटलं, म्हातारी चार-दोन खेपेत थकन."

"आन फोरमनले मी कच्चा हाय म्हून सांगतलं ते?"

तेव्हा कुठं तुम्ही वर पाहिलंत. "मंग काय सांगू त्याले? शेठच्या घरी याच्या हाताचा इटाळ होते म्हून? त्यापरीस हे बरं."

बोलता बोलता तुम्ही ट्रकची जुनी ट्यूब ओढून घेतली होती. कात्रीनं रबर कापलंत, वायरींसाठी भोकं पाडलीत, कडा पेट्रोलनं पुसून काढल्यात. डिस्ट्रिब्यूटरवर चपखल बसेल असं टोपरं तयार झालं. काम सुंदर होतं आणि त्याचीच मला शिसारी आली. तुमचा इतका चांगला हात, इतकी वर्षांची विद्या, आणि ती कामाला लागली कशाला? तर माझ्या हातावर त्या घराला निवांत मूत ओतता यावं आणि तरीही शेठची गाडी वेळेवर अकोटला पोचावी म्हणून. "घे, लाव जाऊन. आता ओतू दे म्हना तिले घागरभर!" असं म्हणून तुम्ही हसलात. बाकीचेही हसले. मीही हसेन असं तुम्हाला वाटलं होतं. मी ते रबर उचललं नाही. संध्याकाळी तुम्ही लंगडत जाऊन स्वतः बसवून आलात. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही, आणि अकोल्याच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना पटलं की खोट माझ्याच हातात होती. उस्तादचा हात लागला आणि गाडी सुधारली!

मी अमरावतीला आलो, बडनेरा रोडवर ट्रक धुतले, पुढं कधीतरी त्याच सरकारी वर्कशॉपात परीक्षा देऊन लागलो आणि फोरमन होऊन बाहेर पडलो. तुम्ही मेलात तेव्हा अकोल्याला आलो होतो. तिरडी बांधत होते. कोणी तरी दुसऱ्याला माझी ओळख करून दिली, "ज्याच्या हातून टायमिंग बसत नव्हतं ना, तो हाच." दोघंही अगदी प्रेमानं माझ्याकडे पाहून हसले. मी तुम्हाला खांदा दिला नाही. तसाच बसस्टँडवर गेलो.

शेठची मला आज किळस येत नाही, त्या म्हातारीचीही नाही. ती माणसं मला कधी माझी वाटलीच नव्हती. माझ्या डब्यातली भाकर खाणाऱ्या माणसाची किळस येते. हे पत्र लिहून झालं की चुलीत घालणार आहे, सुनेच्या हाती लागायला नको. पण एक कबूल करतो. पुढं वर्कशॉपात मला किती साहेबांनी शाबासकी दिली, तिचं मला काही वाटलं नाही. शेठच्या गाडीचं टायमिंग पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, उस्ताद, आणि ते तुम्ही चारचौघांत म्हणावं असं मला अजूनही वाटतं. दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नाही.