मालकाच्या परवानगीशिवाय

सोमवार, २ मार्च

आज पुन्हा कोणीतरी घरात येऊन गेलं!

साडेनऊला फिरायला गेलो, अकराला परत. दुधाचं पातेलं शेगडीजवळ ठेवलेलं, ते मोरीत पालथं — घासून लख्ख. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. मी ती खिडकी कधी उघडत नाही, कबुतरं येतात. गेलेलं मात्र काही नाही. चोर काय पातेली घासतात?

दाराला लॅच आहे. ओढलं की लागतं, मग किल्लीशिवाय उघडत नाही. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी खाली सोसायटीच्या ऑफिसात, पाटीवरच्या खिळ्याला. सगळ्याच घरांच्या तिथे टांगलेल्या असतात. आणि ऑफिस कोणाच्या ताब्यात? टाचणीच्या!

टाचणी म्हणजे आमचा सेक्रेटरी. काटकुळा, आणि नोटीस बोर्डावर रोज काहीतरी टोचणारा. नाव मीच ठेवलं. आता अख्खी इमारत म्हणते.

मंगळवार, ३ मार्च

चौतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो. जप्तीसाठी लोकांच्या घरात शिरणं हाच धंदा. पण वॉरंटाशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही. उजाडल्यावर जायचं, मावळायच्या आत निघायचं. बरोबर दोन पंच. आतल्या वस्तूंची यादी, खाली सही, सहीखाली वेळ. ती खोड अजून गेली नाही — डॉक्टरच्या फॉर्मवरही सहीखाली वेळ घालतो. नर्स हसते. हसू दे.

आणि हा उपटसुंभ माझ्या घरात खुशाल शिरतो!

पोटनियम काढून वाचले. घरात यायचं तर मालकाला एक दिवस आधी लेखी कळवायचं. आग, पाणी, गॅस असलं काही असेल तरच न विचारता यायचं, आणि लगेच किल्लीच्या रजिस्टरात नोंद करायची. ते रजिस्टर बघायचा मालकाला हक्क आहे. वाचून बरं वाटलं.

गुरुवार, ५ मार्च

मुलीचा फोन. तिला यातलं अक्षर सांगितलं नाही. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलो तेव्हाच तिनं बजावलंय, "बाबा, आणखी एकदा काही झालं तर मी तुमचं ऐकणार नाही. घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं." तिच्याकडे नवव्या मजल्यावर माझी खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत. पडदे कोणी मागितले होते!

हे घर बायकोनं पसंत केलेलं. ती जाऊन सहा वर्षं झाली. आरसा अजून तिच्याच उंचीवर आहे, मी वाकून दाढी करतो. या घरातून मी आडवाच निघणार.

सोमवार, ९ मार्च

निघताना दाराच्या फटीत दोरा चिकटवला. जुनी युक्ती. परत आलो तर दोरा तुटलेला! आत गॅसचा कॉक खालून बंद, चष्मा टीव्हीवर. सगळं लिहून काढलं. माझ्याच घराचा पंचनामा, आणि पंच कोण? आरशातला मी.

मंगळवार, १० मार्च

लेखी तक्रार दिली. टाचणीनं दोनदा वाचली. माझ्या सहीखालच्या वेळेकडे बघत बसला. मग मला बाहेर जिन्यात घेऊन गेला.

"काका, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

मला? मी जप्ती केलेली घरं दारासकट आठवतात, म्हटलं. तो खाली बघायला लागला. हवी तर किल्ली आत्ता घेऊन जा म्हणाला. "पण रजिस्टर मागू नका. ऐका माझं."

चोराच्या मनात चांदणं! आता तर रजिस्टरच मागणार.

गुरुवार, १२ मार्च

भाजीवाली म्हणते, आजोबा, कोबी सकाळीच नेलात की. घरी येऊन बघतो तर फ्रीजमध्ये दोन! एक टाचणीनंच आणून ठेवला असणार. भाजीवालीही त्याला सामील. उगाच तिच्यावर ओरडलो. नंतर वाईट वाटलं.

रविवार, १५ मार्च

दोरा शाबूत. टरकला!

बुधवार, १८ मार्च

जिंकलो.

कमिटीपुढे अर्धा तास उभा राहून बोललो. म्हटलं, सही केलेल्या वॉरंटाशिवाय मी कोणाच्या घरात गेलो नाही, माझ्या घरात कोणी का यावं? चेअरमननं ठराव मांडला — मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही कोणाचं दार उघडायचं नाही, आणि ज्याला हवी त्याला किल्ली परत. माझी तिथल्या तिथे दिली, सीलबंद पाकिटात. खिळा रिकामा झालेला डोळ्यांनी पाहिला.

रजिस्टर रविवारी उघडणार. टाचणी म्हणाला, माझा राजीनामा घ्या पण हा विषय इथेच मिटवा. चेहरा उतरला होता त्याचा. क्षणभर कीव आली. पण अशी कीव करत बसलो असतो तर चौतीस वर्षांत एक जप्ती झाली नसती.

मुलीला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, पंच म्हणून बस. तिलाही दिसू दे, बाप अजून कोणाला ऐकत नाही ते.

शनिवार, २१ मार्च

कोट झटकून ठेवला. झोप चांगली लागतेय.

रविवार, २२ मार्च

अकरा नोंदी. सप्टेंबरपासून.

कारण — किल्ली आत राहिली. किल्ली आत राहिली. नळ उघडा, जिन्यात पाणी. किल्ली आत राहिली. २ मार्च — गॅस चालू, पातेलं जळालं, धूर.

मालकाची सही अकराही ठिकाणी माझी. प्रत्येक सहीखाली वेळ. २ मार्चला दहा पन्नास. आणि शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, अकरा वेळा — मुलीस कळवू नये.

मुलीनं सगळं वाचलं. तिला मीच बोलावलं होतं. टाचणी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

वर आलो. दारात खिसे चाचपले. किल्ली आत. सीलबंद पाकीटही आत.

कुलूपवाल्याला बोलावलं. पण ठराव माझाच — लेखी परवानगीशिवाय दार उघडायचं नाही. टाचणीनं खालून रजिस्टर आणलं, पान उघडून माझ्यापुढे धरलं. बारावी नोंद. कारण लिहिलं. सही केली. खाली वेळ घातली, चार पंचवीस.

शेऱ्यात काही लिहिलं नाही. मुलगी शेजारीच उभी होती.