गाडीत गाणं बसवताना

सोमवार, १ एप्रिल १९३५
देवरूखच्या अड्ड्यावर आज हॉर्न दोनदा वाजवला. एकदा पाशिंजरांसाठी, एकदा सासऱ्यांच्या, मास्तरांच्या मागच्या दारासाठी. दार उघडलं नाही. म्हणजे रोजच्यासारखंच. दुपारी परत.
वाटेत मुंबईचा एक कारकून पुढच्या सीटवर. सांगत होता, त्याच्या साहेबाच्या मोटारीत वायरलेस आहे. गाडी चालतेय आणि गाणं चालू! मागचे सगळे हसले. मी हसलो नाही. हातखंब्यापासून घरापर्यंत तोच भुंगा डोक्यात.

मंगळवार, २ एप्रिल
झोप नीट नाही. लिहून काढतो, म्हणजे डोक्यातनं जाईल.
बायको, सुमन, कार्तिकात बाळंतपणाला माहेरी गेली. मार्गशीर्षात मास्तरांचा निरोप आला, कळा सुरू झाल्यात, निघून या. मी चिपळूणच्या वऱ्हाडाची वर्दी घेतलेली. नवरा मुलगा हळद लावून बसलेला, सोडून जाऊ कसा? वऱ्हाड पोचवून दुसऱ्या दिवशी दुपारी देवरूखला पोचलो. आमचा मुलगा पहाटेच गेला होता. चार तास होता म्हणे. सुमन एवढंच बोलली, "रात्रभर कान लावून होते." त्यानंतर माझ्याशी अक्षर नाही. मास्तर म्हणतात, तिला वाटेल तेव्हा पाठवू. आम्ही थांबलोय.
मी रोज तिच्या दारात गाडी नेतो आणि रिकामी आणतो. गाडी भरलेली असते, तरी रिकामीच.
तिला गाण्याचं वेड. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला शेजारच्यांच्या फोनोग्राफवर एका बाईचं पद ऐकलंन, मागं सारंगी. तेव्हापासून दळताना, निवडताना तेच. गाडीतनं ते ऐकू आलं तर? दार उघडेल की नाही? उघडेलच!

गुरुवार, ४ एप्रिल
वायरलेसवाल्याकडे जाऊन आलो. हूडवर तारा ताणायच्या, सीटखाली वेगळ्या बॅटऱ्या, शिवाय इंजिनाची घरघर गाण्यात शिरणार. किंमत ऐकून खुर्चीवरनं उठलो. जाता जाता तोच म्हणाला, मुंबई संध्याकाळनंतर बरी लागते, दिवसा नुसती खरखर. अरे मग आधी सांगायचंस! माझी गाडी देवरूखला भर दुपारी, पाचला तर परत आमच्या दारात उभी असते. वायरलेस बाद.

रविवार, ७ एप्रिल
पेन्शनर भाऊसाहेबांकडे कर्ण्याचा फोनो आहे, विकतायत. मोजपट्टी घेऊन गेलो. कर्णा एवढा, की पुढे ठेवला तर मला रस्ता दिसणार नाही आणि मागे ठेवला तर एका पाशिंजराचं डोकं त्यात. भाऊसाहेब म्हणाले, "हूडला भोक पाडा." स्वतःच्या घराच्या कौलांना पाडतील काय?
बाद.
आई म्हणते, "वसंता, बस जरा एका जागी. पाय भाजलेत काय तुझे?"

बुधवार, १० एप्रिल
इब्राहिमभाई बोटीवरनं रजेवर आलेत. बसऱ्याहून आणलेला पेटीचा फोनो आहे त्यांच्याकडे. झाकण लावलं की नुसती बॅग. आत चावी, आत कर्णा. हेच ते!
पैसे नव्हते. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. ते म्हणाले, "अरे, सर्व्हिस चालवतोस, वेळ कशी कळणार?" म्हटलं, पाशिंजर ओरडतात तेवढं पुरे.
सोबत पाच रेकॉर्डी. दोन अरबी, एक इंग्रजी बँड, एक नाटकातलं पद. पाचवी लावली आणि मी जमिनीवरच बसलो. तेच पद. तीच बाई, तीच सारंगी. इब्राहिमभाईंना कळेना, ह्याला काय झालं.

शनिवार, १३ एप्रिल
पेटी माझ्या पायाशी फळीला स्क्रूनं घट्ट बसवली. पालीपर्यंत बाई एकच ओळ म्हणत होती. खड्डा आला की पिन उडते, पुन्हा मागे. एक भटजी म्हणाले, "मोटारवाले, पुढलं येत नाही वाटतं बाईंना?" सगळी गाडी हसली. रेकॉर्डवर कडेपासनं मध्यापर्यंत लांब ओरखडा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मंगळवार, १६ एप्रिल
खाली जुनी ट्यूब कापून घातली. मग काथ्या. मग दोन्ही. आता पिन उडते आणि वर पेटीही उडते. आईनं वाढलं ते काय होतं, सांगता यायचं नाही.

गुरुवार, १८ एप्रिल
सकाळी मिरकरवाड्यात सुरमई घ्यायला गेलो आणि रामा तांडेलाच्या होडीतला कंदील पाहिला. होडी डुलतेय, कंदील आपला सरळ. तसाच उभा राहिलो. रामाला म्हटलं, माझी पेटी अशी राहील काय? तो म्हणाला, "बसवलीस म्हनून उडते. टांगायची असते ती. दर्या काय तुज्या रस्त्यापरास सपाट हाय?"
संध्याकाळी तो स्वतः आला. स्क्रू काढायला लावलेन. जुन्या जाळ्याचा तुकडा, हूडच्या कमानींना चार दोऱ्या, पेटी मधोमध जाळ्यात, आणि खाली वजनाला होडीतला एक धोंडा. गाडी अंगणात गदागदा हलवली. बाई गातच होती! रामाला मिठी मारली. "सोड रे, मासळीचा वास लागल तुला," म्हणाला.
सुरमई तिथंच होडीवर विसरून आलो. आईच्या तोंडाचा पट्टा चालू आहे.

रविवार, २१ एप्रिल
युक्ती लागू पडली. हळू चालवलं तर पिन जागची हलत नाही, ओरखड्यावर तेवढी उचकी लागते. जाळ्याला मासळीचा वास भरपूर. दोन बायका नाकाला पदर लावून बसल्या, पण उतरल्या नाहीत. उद्या देवरूखला तेच पद लावणार. दाढी करून जायचं.

सोमवार, २२ एप्रिल
कसं लिहू?
अड्ड्यावर गाडी उभी केली, चावी भरली, लावलं. लोक जमले. मागचं दार उघडलं. मला वाटलं, आली. मास्तर होते. अनवाणी, भर उन्हात. जवळ येऊन हलकेच म्हणाले, "वसंतराव, ते बंद करा. ती कानावर हात ठेवून बसली आहे. दिवसभर पोटावर हात फिरवून आतल्या बाळाशी हेच म्हणायची."
मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. ठाऊक असायला घरी कुठं होतो मी? वर्द्या मारत होतो.
घरी आल्यावर रेकॉर्ड आईच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, फेकून दे ही, पुन्हा माझ्या नजरेला नको.

बुधवार, १ मे
नाटकातल्या पदावर पाशिंजर खूष. लोक "गाणारी मोटार" म्हणतात, मुद्दाम थांबून राहतात. समोरच्या सर्व्हिसवाल्याचं तोंड बघण्यासारखं. आणि मला त्या पदाचा वीट आलाय. देवरूखची वेस आली की पेटी बंद करतो. हॉर्न एकदाच.
काढून टाकावी काय पेटी? काढवत नाही. सकाळी दोऱ्या सोडल्या, दुपारी परत बांधल्या.

शुक्रवार, १७ मे
पावसाला पंधरा-वीस दिवस. एकदा पडला की रस्ता बंद, सर्व्हिस बंद, चार महिने देवरूखचं तोंड दिसायचं नाही. हे दिवस मोजणं नको झालंय.
आईनं डबा दिला, सुनेला आंब्याचं साठ. दर वर्षी रस ताटांत वाळवून करते. "माझ्यावर तर रागावलेली नाही ना ती?" म्हणाली. डबा मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी सरबत दिलं. आतनं बांगड्यांचा आवाज आला, बस.

सोमवार, २० मे
आज घरात महाभारत. गाडीचं हत्यार शोधायला पडवीच्या फळीवर हात घातला तर तिथं ती रेकॉर्ड! पापडासारखी वाकलेली, चिकट, मुंग्या लागलेल्या, मधला कागद खरवडलेला. भोकात कणकेचा गोळा सुकून बसलेला.
"आई, हे काय?"
"तूच म्हणालास टाक. चांगली वाटोळी, काळीभोर थाळी, टाकवते काय? ताटं कमी पडत होती. तेल लावून त्यावर साठ घातलं. भोक तेवढं बुजवलं."
"उन्हात?"
"मग साठ काय सावलीत वाळतं?"
ओरडलो. फार ओरडलो. बाबा गेल्यापासून तिच्यावर असा आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, "सगळ्यात गोड रस होता त्याच्यावर. म्हणून तेच सुनेला पाठवलं." मग डोळ्याला पदर.
म्हणजे ते डब्यात गेलं! मी स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. जे कानावर नको म्हणाली, ते ताटात वाढून आलो. आता मास्तर दारात उभं करणार नाहीत.

मंगळवार, २१ मे
देवरूखला गेलो, पण गाडीतनं उतरलो नाही. हॉर्नही नाही. भित्रा कुठला.

शनिवार, २५ मे
मास्तर अड्ड्यावर वाट बघत होते.
म्हणाले, "सुमन विचारते आहे, आईंनी साठ कशावर घातलं? खालून वाटोळ्या रेघा उमटल्या आहेत, केसासारख्या बारीक. मधोमध बटणासारखी खूण. आणि एक आडवा ओरखडा."
सगळं सांगून टाकलं. स्क्रू, जाळं, रामाचा धोंडा, कणकेचा गोळा, आईशी झालेलं भांडण. मास्तर ऐकून आत गेले. मी तसाच. पाशिंजर ओरडतायत, "अहो, निघा आता!"
मास्तर बाहेर आले. चष्मा काढून पुसत होते.
"हसली हो. कणकेचा गोळा म्हटल्यावर हसली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा. मग रडली. मग म्हणाली, अर्धं आहे अजून, पुरवून खाते."
परत येताना पालीपर्यंत कसा आलो, ठाऊक नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता ओरड बघू माझ्यावर!"
पाया पडलो.

मंगळवार, २८ मे
डबा आला नाही परत. मास्तरांना विचारायचा धीर नाही. डबा न देणं चांगलं की वाईट? आई म्हणते चांगलं. तिला सगळंच चांगलं वाटतं सध्या.
समुद्राकडनं ढग. शनिवारी शेवटची फेरी, सगळ्या सर्व्हिसवाल्यांनी ठरवलं.

शुक्रवार, ३१ मे
पेटी उतरवली. सगळी. जाळं तेवढं कमानींना राहिलंय, रामाची गाठ मला सुटली नाही.
मनात आलं, ह्या गाडीच्या आवाजानंच तिला सगळं आठवत असेल. म्हणून देवरूखच्या उतारावर इंजिन बंद केलं. हॉर्न नाही, गाणं नाही, गाडी आपली घरंगळत अड्ड्यावर. पाशिंजर म्हणाले, बिघडली काय? म्हटलं, नाही, बसा गप्प.
उतरलो तर मागच्या दारात सुमन उभी. धावत आली असावी, धाप लागलेली, हाताला पीठ. केवढी वाळलीय.
ती म्हणाली, "आज हॉर्न नाही वाजवलात."
म्हटलं, तुला त्रास नको म्हणून.
"रोज दुपारी ऐकते मी. वाजला की मग जेवायला पान घेते. मागच्या आठवड्यात मंगळवारी नाही वाजवलात, आणि आजही नाही. मला वाटलं, आलीच नाही गाडी." खाली बघत म्हणाली, "त्या रात्रीसारखी."
"चुकलो गं," म्हटलं. सहा महिन्यांत हे एक वाक्य मला सुचलं नव्हतं. वर्दी, वऱ्हाड, रस्ता, सगळं सांगून झालं होतं, हेच तेवढं राहिलं होतं.
ती पीठ झटकत राहिली. मास्तर ओसरीवरनं आत निघून गेले.
शेवटी मी म्हटलं, उद्या शेवटची फेरी, मग पाऊस. आई डब्याचं विचारते आहे.
"रिकामा कसा देऊ डबा? काहीतरी घालते. उद्या देते," म्हणाली.
"मास्तरांच्या हाती?"
ती आत गेली. दार लावलं नाही.

आईला सांगितलं तर ती अंगण झाडायला लागली. आत्ता, संध्याकाळचं! मी पुढची सीट पुसून ठेवलीय. कोणी आगाऊ मागितली तर भरलीय म्हणून सांगणार. डबाच येईल कदाचित, नुसता डबा, आमसुलं घातलेला.
उद्या उतारापासनं हॉर्न वाजवायचा. थांबवायचा नाही.