डाव्या कुशीला बांधलेला झगा

तुंगयांग,
१९ ऑक्टोबर

बाबांना नमस्कार.

खोकला कसा आहे? दारातल्या झाडाची फळं काढायला एकटे शिडीवर चढू नका. मी बरी आहे. इथल्या खानावळीतल्या शेवया अजून पाणचटच असतात.

मी जिचे कपडे शिवते त्या टीव्ही मालिकेबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगते. इतकी टुकार वस्तू मी पाहिलेली नाही. सहाशे वर्षांपूर्वीचा सेनापती, आणि डोळ्यांत हे एवढं काजळ. चिखलात लढाई होते, पण त्याच्या पांढऱ्या झग्यावर शिंतोडा नाही. घोडा लाकडी, तो चार माणसं खालून हलवतात. सगळं एका कॉमिकवरून उचललंय. दिग्दर्शक छू रोज सकाळी ते पोथीसारखं उघडतात आणि आम्ही चित्रात दिसेल तसं शिवायचं.

चित्रात सेनापतीचा झगा डाव्या कुशीला बांधलाय. जिवंत माणसाच्या अंगावर!

मी म्हटलं, "साहेब, जिवंत माणूस उजवीकडे बांधतो. असा फक्त मयताला बांधतात."

"अगं बाई, मयताला बांध नाहीतर जावयाला बांध! चित्रात आहे तसंच पाहिजे. एक दोरा हलला तर वाचक पोरी मला फाडून खातील."

मग चित्रकाराला गाठलं. केस निळे रंगवलेले गृहस्थ. म्हणाले, "झगा भाड्याने आणला, अंगात घातला आणि आरशात बघून काढला. उलटा झाला होय? पण दिसतो झकास!"

तर चाळीस भाग हा सेनापती प्रेताच्या झग्यात लढतो, प्रेम करतो, भात खातो. शेवटच्या भागात मरतो. अख्ख्या मालिकेत तेवढाच पोशाख बरोबर आहे.

हसला असाल तर पुढचं वाचा. नसाल तरी वाचाच.

तो झगा मी कापला. छूंनी विचारलं होतं, "एवढं तुला कोणी शिकवलं?" मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं, शाओशिंगचं आपलं शिलाईचं दुकान सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांचंच नाव लावू की! वस्त्रसल्लागार, रुआन पेनियान. आणि कापणाऱ्यांची मुख्य तू." मी नको म्हटलं नाही. नाव पडद्यावर दिसलं की तुम्हाला बरं वाटेल, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला ती जागा हवी होती.

रविवारी आठवा भाग लागला. लोकांनी झगा ओळखला आणि त्यांनी फोनवरून टाकलेले शेरे पडद्यावर धावू लागले. "हे सल्लागार रुआन कोण? फक्त मेलेल्यांचेच कपडे शिवतात वाटतं." गावातली माणसं शेवटच्या कपड्यांसाठी विश्वासाने तुमच्याकडे येतात, आणि तुमच्या नावावर हे. शेजारच्या मो काकूंनी फोनवर दाखवलंच असेल.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. आईला शेवटचे कपडे घालताना तुम्ही माझा हात धरून कड डावीकडे ओढून घेतली होती. मी अकरा वर्षांची होते. म्हणालात, "हे एकदाच करायचं असतं, म्हणून नीट कर." त्याच हाताने मी एका नटासाठी सतरा झगे कापले.

काल छूंना म्हटलं, बाबांचं नाव काढा. "आता काढलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. गप्प बस, दुसरं पर्वही तुलाच देतो." आज सकाळी मी माझ्या नावाने इंटरनेटवर लिहून सगळ्यांना कळवलं: कापणारी मी, चूक ठाऊक असलेली मी, बाबांनी हा झगा कधी पाहिलाही नाही. दुपारपर्यंत त्यांनी मला कामावरून काढलं आणि माझी कात्री सोडून बाकी सगळं ठेवून घेतलं.

गुरुवारच्या बसने येते. लहानपणी कापड हातात देण्याआधी तुम्ही विचारायचात, "जिवंताची कड कुठे, गेलेल्याची कुठे?" या वेळी दार उघडण्याआधी विचारा. मी बाहेर उभी राहून उत्तर देईन. त्यानंतर उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

सगळं ठाऊक असलेली,
तुमची सूचिन