आमोस पेलिंगच्या घंटा

हॅरोडीन, ससेक्स
रविवार, ७ सप्टेंबर १९१३

प्रिय जेसी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत, तूही असशील. आईला थोडा खोकला आहे, पण या दिवसांत तो कुणाला नसतो? सफरचंदं यंदा आंबट निघाली आणि चर्चचा पेटीवादक आहे तसाच बेसूर आहे. आमच्याकडच्या बातम्या एवढ्याच, असं समज.

तू ऑक्सफर्डच्या शब्दकोशाच्या कचेरीत बसून 'बेलवेदर' या शब्दाची चौकशी करतोयस हे वाचून मला आधी हसूच आलं. मेंढपाळाचं पोर मेंढरांपासून पळून गेलं आणि तिथे जाऊन मेंढरांबद्दलच विचारू लागलं! बेल म्हणजे घंटा आणि वेदर म्हणजे खच्ची केलेला एडका, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण तुला लोक तो शब्द बोलताना कसा वापरतात ते हवं आहे, म्हणून विचारत फिरले.

आपल्या कळपात बेलवेदर म्हणजे बिशप नावाचा एडका. बाबांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. तो बाबांच्या खिशातल्या पावाच्या वासाने चालतो, आणि बाकीचा कळप त्याच्या घंटेच्या आवाजाने. फनेलमावशीलाही गावात बेलवेदरच म्हणतात, कारण तिचं तोंड सुरू झालं की गल्लीतल्या सगळ्या बायकांची सुरू होतात. वर्तमानपत्रात तो शब्द वेगळाच भेटतो. ज्या बाजारातला भाव बघून बाकीचे बाजार आपला भाव ठरवतात, त्या बाजाराला ते बेलवेदर म्हणतात. चौथा अर्थ आपल्या मालकांचा, म्हणजे गॉरिंजसाहेबांचा. त्यांच्या तोंडी बेलवेदर म्हणजे दंगेखोरांचा म्होरक्या. तो अर्थ सध्या गावात फार ऐकू येतो.

तू लिहितोस की सहाशे वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतही हा शब्द सापडतो, आणि त्यातला 'वेदर' तर त्याहून कितीतरी जुना, हिंदुस्थानच्या जुन्या भाषेतल्या 'वत्स' शब्दाचा दूरचा भाऊबंद. वत्स म्हणजे वासरू ना? आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शब्दांचे हरवलेले नातेवाईक बरे सापडतात याला. स्वतःचं घर तेवढं सापडत नाही." रागाने नाही म्हणाली. पण म्हणाली.

आता कानावर घालायलाच हवं ते सांगते. गावातली माणसं युनियनमध्ये गेली आहेत. त्यांना शनिवारी अर्धा दिवस सुट्टी हवी आहे, बाकी काही नाही. गॉरिंजसाहेबांनी सगळ्यांना कामावरून काढलं आणि बजावलं की मायकलमसपर्यंत, म्हणजे या महिनाअखेरपर्यंत, युनियन सोडली नाही तर घरंही सोडायची. घरं त्यांचीच आहेत. आपलंही त्यांचंच. गाडीवान टॉम बॉटिंग सगळ्यांना धरून आहे, पण सगळे बघताहेत ते बाबांकडे. बाबा युनियनमध्ये नाहीत, बैठकीलाही जात नाहीत. आमोस पेलिंग कुठल्या बाजूला, असं कुणी विचारलं की म्हणतात, मी मेंढरांच्या बाजूला.

पण शेतात माणूस नाही म्हणजे शलगम निघालेले नाहीत, आणि शलगम नाहीत म्हणजे हिवाळ्यात मेंढरांना चारा नाही. मालकांना पुढच्या बाजारात अर्ध्याहून जास्त कळप विकावाच लागणार. कळप बाजारात पोचला की ते निवांत. मग ते सगळा हिवाळा माणसांना घराबाहेर ठेवू शकतात. नाही पोचला, तर त्यांना बोलणी करावी लागतील. आणि कळप नेणारा माणूस एकच आहे.

बाबा रोज रात्री घंटांना तेल लावत बसतात. 

तुझी बहीण,
डेल्फी


हॅरोडीन
शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रिय जेसी,

तुझं दुसरं पत्र आलं. त्यात शब्दाबद्दल तीन प्रश्न होते आणि आईबद्दल एकही नव्हता. तुझा दोष नाही. खोकला आहे असं मीच लिहिलं होतं. आई ईस्टरपासून उठलेली नाही. डॉक्टर म्हणाले, हिवाळा काढणार नाही, आणि हलवू तर मुळीच नका. तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं की तुला कळवायचं नाही, कारण दयेपोटी आलेला मुलगा तिला नको होता. ते वचन आज मोडते आहे. तिचा पलंग आम्ही खिडकीशी लावला आहे. तिथून सगळा डोंगर दिसतो, आणि त्या डोंगराकडे बघत डोळे मिटायचे एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून काल जे घडलं ते वाचताना माझ्या मनात काय होतं तेही लक्षात ठेव. मला वाटत होतं, बाबांनी कळप न्यावा. माणसं देशोधडीला लागली तरी चालतील, पण आईचा पलंग त्या खिडकीतून हलू नये. चर्चमध्ये गुडघे टेकून मी हेच मागत होते, आणि टॉमची बायको माझ्या शेजारीच बसली होती.

काल सकाळी मालकांचा निरोप आला की बाजारासाठी कळप खाली आणा. हाताखाली कुणी उरलं नव्हतं, म्हणून मागची बाजू सांभाळायला मी गेले. पुढे बाबा, त्यांच्यामागे बिशप, मग सगळी मेंढरं, कुत्रा कडेने आणि शेवटी मी. गॉरिंजसाहेब घोड्यावर होते, मुकादम पायी. डोंगर उतरून आपण सडकेला लागतो ना, त्या दोन कुंपणांमधल्या बोळात गावातले सगळे पुरुष उभे होते. कुणाच्या हातात काठी नव्हती. कुणी ओरडलंही नाही.

टॉम पुढे आला आणि टोपी काढून म्हणाला, "आमोसकाका, तुम्ही पाऊल टाकलंत तर आम्ही बाजूला होऊ. तुमच्या अंगावर हात टाकणारा इथे कुणी नाही."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन बाबा नक्की पुढे गेले असते.

बाबा थांबले. बिशप थांबला. एकेक करत सगळा कळप थांबला आणि घंटा गप्प झाल्या. मी मागून शेवटच्या मेंढरांना गुडघ्याने ढकलत होते, जेसी. ढकलतच होते.

मालक घोडा पुढे घेऊन आले आणि विचारू लागले की थांबलास का. बाबा खाली बसले आणि बिशपच्या गळ्यातला पट्टा सोडू लागले.

"असं आहे तर," मालक म्हणाले. "या टोळीचा बेलवेदर तूच. आणि मी बॉटिंगला समजत होतो."

बाबा घंटा हातात घेऊन उठले. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, कधी चढत नाही. कालही चढला नाही.

"बेलवेदर खच्ची केलेला असतो, मालक. ज्याच्या हातात पाव, त्याच्यामागे तो जातो, आणि आपल्यामागे कोण येतंय, कुठे चाललंय, ते बघत नाही. तो मी होतो. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून होतो."

मग ते कळपात शिरले आणि ज्या ज्या मेंढीच्या गळ्यात घंटा होती ती सोडवून दंडावर अडकवू लागले. मालक ओरडले की घंटांना हात लावू नकोस, कळप माझा आहे. बाबा म्हणाले, "कळप तुमचाच. घंटा माझ्या आजोबांच्या." मालकांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम मालकांचं मीठ खाणारा माणूस, पण तोही या डोंगरातलाच. तो म्हणाला, "तसंच आहे साहेब. मेंढपाळ जातो तेव्हा घंटा त्याच्याबरोबर जातात." साहेबांना वाटत होतं, मेंढरं विकत घेतली की त्यांचा आवाजही आपलाच.

शेवटी बाबांनी खिशातला पाव काढून मालकांपुढे धरला. "हा दाखवा. येईल तुमच्यामागे." चिडवायला नव्हे, खरंच मदत म्हणून. मालकांनी तो घेतला, हे मी देवाशपथ सांगते. घोड्यावरून उतरले आणि बिशपच्या नाकाशी धरला. बिशपने तो शांतपणे खाल्ला आणि बाबांच्या मागे चालू लागला. बाबांनी वळून दोन्ही हातांनी त्याला मागे लोटलं. पुन्हा आला, पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा बाबांचा चेहरा माझ्याच्याने बघवला नाही.

कुत्रा बाबांचाच, तो त्यांच्याबरोबर निघाला. घंटा नाही, कुत्रा नाही, तेव्हा मेंढरांनी कुंपणातली फट शोधली आणि मालकांच्या राखलेल्या क्लोव्हरच्या कुरणात पांगली. साहेब आणि मुकादम हात पसरून त्यांच्यामागे धावत होते. बोळातलं कुणी हसलं नाही. टॉमने फक्त टोपी डोक्यावर ठेवली. बाजार चुकला. मालकांनी बोलणी करायला टॉमला आज बोलावलं आहे, आणि गावातल्या घरांना आता बहुतेक धक्का लागणार नाही. आपलं सोडून. आपल्याला सोमवारपर्यंत घर रिकामं करायचं आहे.

घरी येताना बाबा पुढे होते. मला त्यांचा इतका राग आला होता की मी मुद्दाम दहा पावलं मागे चालत होते. आईने आम्हाला गल्लीतून येताना ऐकलं. आयुष्यभर मेंढपाळाच्या घरात राहिलेली बाई ती. घंटा वाजताहेत आणि मेंढरांचा आवाज नाही, याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको. बाबा दारात उभे राहिले, दंडावर सगळ्या घंटा, आणि त्यांना आत पाऊल टाकवेना. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "डेल्फी, माझे बूट कुठे ठेवलेस?"

मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय. ती म्हणाली, डॉक्टरांना माझ्या नवऱ्याबद्दल काय माहीत. मग मी बूट शोधले. तिचे पाय आता इतके बारीक झाले आहेत की आत लोकर भरावी लागली. बाबांनी खाली बसून स्वतः नाड्या बांधल्या. बांधता बांधता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "जेसीकडे खोल्या किती आहेत?"

तू गेलास त्या दिवसापासून तुझं नाव या घरात त्यांनी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. एकच खोली आहे, मी म्हटलं. पुरेल, ते म्हणाले.

टॉम आपली गाडी जोडणार आहे. गावातले आळीपाळीने आईला उशांवर धरून स्टेशनपर्यंत नेतील, पुढे आगगाडी. ती ऑक्सफर्डला जिवंत पोचेल की नाही मला माहीत नाही. पोचण्याची खात्री नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी ती बूट काढू देत नाही.

तुझ्या शब्दाचा बाबांचा अर्थ वर लिहिला आहे. छापायचा तर छाप, पण बोलणाऱ्याचं नाव घालू नकोस. त्यांना पुढे कुणाकडे तरी काम मागायचं आहे.

सोमवारी संध्याकाळी पोचू. घरमालकिणीला दार उघडू देऊ नकोस, तू स्वतः उघड. बाबा आधी काही बोलणार नाहीत, म्हणून आधी तू बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. शब्दांतला जाणता तू आहेस.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. घ्यायला इथे कुणी नसेल.

आई-बाबांसह,
तुझ्या दाराशी येत असलेली,
डेल्फी