दर्जा उकरल्याची तक्रार

मुक्काम कराड, पौष, सन १९४६

तीर्थस्वरूप दाजी यांस कोंडीबा गवंड्याचा साष्टांग दंडवत. आक्काची कंबर, दुभती म्हैस आणि तुम्ही (याच क्रमाने) बरे असाल. आमचे क्षेम विचारू नये, ते तुमच्या सांगलीच्या दातांच्या डॉक्टराने खरवडून काढले.

तुमच्या शब्दाखातर त्या खुर्चीत बसलो. हिरड्यांतून रक्त येते, भाकरी चावताना दुखते, एवढेच माझे म्हणणे. त्याने तोंडात आरसा घातला, स्वतःचे तोंड वाकडे केले आणि म्हणाला, "दातांचा दर्जा सुधारू." मी खूश! दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्याला आम्ही गवंडी दर्ज म्हणतो, आणि दर्जा भरण्यात माझा हात धरणारा कराडात कोणी नाही. वाटले, हा आपल्यातलाच निघाला, आता फटी बुजवील. तर त्याने हिरडी बधिर केली आणि आकडीसारखे हत्यार घालून पार मुळापर्यंत उकरू लागला! इतक्या वर्षांच्या मिश्रीने (सवय आक्कानेच लावली, पण ते राहू द्या) बसवलेला पक्का थर खपल्या-खपल्यांनी निघाला. मी ओरडलो, "आवं, दर्जा उकरताय व्हय? भिंत पडंल की!" तर म्हणतो, हे कीटण आहे, हे राहिले तर दातच पडतील, मिश्री बंद. उजवी बाजू होताच मी फेटा उचलून चालू लागलो. आता जीभ लावावी तिथे फट. वारा शिरतो, पाणी झोंबते. डाव्या बाजूला मी ब्रह्मदेवालाही हात लावू देणार नाही. चुन्यावर जगलो, चुन्यावर मरेन. त्याला हे ठणकावून सांगा.

राग तुमच्यावर नाही, म्हणजे थोडा आहे.

आपला अर्धाच साफ झालेला,
कोंडीबा

ता. क. त्याने मंगळवारी बोलावले आहे. जाणार नाही.

आणखी ता. क. आज उजव्या बाजूने उसाचे कांडे सोलले. रक्त आले नाही. (योगायोग.) डावीकडून सोलले, तर कांडे लाल.

शेवटचा ता. क. देवळाच्या भिंतीवर एका गड्याने जुना चुना न उकरताच वर नवा थापला, म्हणून त्याला लय बोललो. बोलता बोलता जीभ डाव्या दाढांवर गेली. मंगळवारी येतो. मोटारअड्ड्यावर उभे राहा आणि खुर्चीपाशी माझा हात धरा. आक्कालाही आणा, पण कशाला ते सांगू नका. तिची भिंत माझ्याहून जुनी आहे.