तांब्यावरचं नाव

मुंबई, ठाकूरद्वार,
कार्तिक वद्य ९, शके १८१९

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. ताप नाही, अंगावर कुठे गाठ नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. ती. आप्पांना आणि सौ. आईंना माझे साष्टांग नमस्कार सांग.

तुझ्या नावाने आलेलं पत्र पोचलं. अक्षर मात्र आप्पांचं होतं. मागलंही त्यांच्याच हातचं होतं. तुझ्या हाताला काही लागलंबिगलं नाही ना? इथे रोज संध्याकाळी पाटीवर गिरवून तू लिहायला शिकलीस, ते तिकडे माहेरी मोडू देऊ नकोस. दोन ओळी पुरेत. चुकल्या तरी मी हसणार नाही.

आपल्या मजल्यावर आता मी आणि पलीकडच्या राधाबाई, एवढेच उरलो आहोत. बाकी खोल्यांना कुलपं आहेत. दोन दारांवर सरकारी माणसांनी तांबड्या रंगाने खुणा करून ठेवल्यात. त्यांच्यापुढून जाताना राधाबाई पदर नाकाला लावतात, पण शहर सोडायला तयार नाहीत. म्हणतात, "नवरा याच खोलीतून गेला, मी कुठल्या दुसऱ्या दारातून जाऊ?" त्यांच्या घरची भाकरी मला रोज मिळते. मी जेवत नाही अशी शंका आईंना असेल, तर ती काढून टाक.

दिवाळीला येता आलं नाही. कचेरीत काम फार होतं आणि साहेबांनी रजा दिली नाही.

गणपत तांबटाकडे माझं रविवारचं जाणं चालू आहे. तू इथे होतीस तेव्हा मी नुसतं शाईने भांड्यावर नाव लिहून देत असे आणि गणपत ते छिन्नीने ठोकत असे. आता ठोकायलाही मीच बसतो. पहिल्यांदा 'र' घातला तो पाय मोडलेल्या माणसासारखा दिसत होता. गणपत म्हणाला, "रावसाहेब, कागद वाकतो, तांबं वाकत नाही. हात हलका ठेवा." आता बरं जमतं.

खिडकीतून ऊन आत आलं आहे, कागदावर पडलं आहे. संपवतो.

तुझा क्षेमचिंतक,
रघुवीर


मुंबई,
पौष शुद्ध ४, शके १८१९

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

आप्पांचं पत्र काल आलं. तुझे मामा मुंबईस आले होते आणि तू दिलेले पोहे घेऊन माझ्या कचेरीत गेले होते, तिथे त्यांना 'असा कुणी इसम येथे नाही' असं सांगण्यात आलं, हे आप्पांनी लिहिलं आहे. पुढे एवढंच लिहिलं आहे की, खुलासा व्हावा.

खुलासा असा. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मला कामावरून कमी केलं. आणखी दोघे होते. गाठीच्या तापाने गोदीतला माल अडकला आहे, पेढीचा व्यापार निम्म्यावर आला आहे. त्यात साहेबांनी विलायतेहून अक्षरं छापणारं यंत्र आणलं. एक पारशी गृहस्थ त्यावर बोटं आपटतात आणि मी अर्ध्या दिवसात जे पत्र लिहीत असे ते मला शाईत टाक बुडवायला लागतो तेवढ्या वेळात तयार होतं. साहेब वाईट माणूस नाही. त्याने माझ्या हस्ताक्षराची फार तारीफ केली आणि तसा दाखला दिला. तो दाखला त्याने त्या यंत्रावरच छापून घेतला होता. मी तो घेतला आणि 'थँक्यू सर' म्हणालो.

कालिंदी, मी तुला खोटं लिहिलं. दिवाळीत रजा मिळाली नाही हे खोटं. दिवाळीत मला रजाच रजा होती. पण तुझ्या घरी पाटावर बसून आप्पांच्या समोर जेवायचं, आणि त्यांनी "कचेरीत कसं काय?" विचारायचं, याला माझं मन धजेना.

सुरुवातीला मी रोज पागोटं घालून वेळेवर बाहेर पडत असे. राधाबाई दारातून बघतात ना. कोट भागापर्यंत चालत जायचं, पेढीच्या इमारतीसमोरून वळायचं आणि चौपाटीवर येऊन बसायचं. तिथे मासळी घेऊन जाणाऱ्या कोळणींशिवाय कुणी नसे. दुपारी ठाकूरद्वारच्या देवळात टेकायचं आणि कचेरी सुटायच्या वेळेला घरी यायचं. एके दिवशी राधाबाई म्हणाल्या, "रघुवीरराव, तुमच्या जोड्याला वाळू असते हल्ली." त्यांनी भाकरीवर लोणी वाढलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. कुणाला तरी कळलं, म्हणून त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की घरात येऊन मी रडलो.

दुसऱ्या पेढ्यांत विचारून पाहिलं. सगळीकडे माणसं कमीच करताहेत. तेवढ्यात गणपतची आई तापाने गेली आणि तो बायकामुलांना घेऊन पेणला निघून गेला. जाताना मुंबादेवीजवळच्या गल्लीतला आपला ओटा मला देऊन गेला. "मी परत येईपर्यंत नाव घालायचं काम तुम्ही करा. लोकांना गणपत काय नि रावसाहेब काय, अक्षर चांगलं हवं," म्हणाला. रविवारची गंमत होती ती आता रोजची झाली. सकाळी जातो, दिवे लागायच्या आत येतो. घणांच्या आवाजाने कान बधिर होतात. घरी आल्यावर खोली इतकी गप्प वाटते की मी भांडं मुद्दाम आपटून ठेवतो.

आप्पांना हे वाचून दाखव. किंवा ते आधी वाचतील आणि तुला दाखवतील. जसं होत असेल तसं.

त्यांना काय वाटेल ते मला माहीत आहे. आपल्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातात लेखणीच होती.

रघुवीर


मुंबई,
माघ शुद्ध ७, रथसप्तमी

कालिंदी,

हे पत्र टपालाने येत नाही. राधाबाई शेवटी निघाल्या. त्यांची भाची चौलला बाळंत व्हायची आहे, तिच्यासाठी जाताहेत. वाटेत अलिबागला उतरून त्या हे तुझ्या हातात देतील. आप्पांच्या हातात देणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. म्हणून आज पहिल्यांदाच फक्त तुझ्याशी बोलतो आहे.

परवा आप्पा इथे येऊन गेले. तुला सांगून निघाले की नाही मला ठाऊक नाही.

मी ओट्यावर बसलो होतो. समोर वरळीच्या पुतळाबाई नावाच्या कोळीण होत्या. मुलीच्या लग्नाचा हंडा घेऊन आल्या होत्या. ताप असो, काही असो, लग्न या माघात करायचंच म्हणत होत्या. "दुर्गा घाल, मोठा घाल," म्हणाल्या. मी घातलं. मग त्यांनी हंडा मांडीवर घेतला आणि विचारलं, "यात दुर्गा कुठं हाय?" मी त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. द, त्याचा उकार, ग, काना, वरचा रफार. त्यांनी पुन्हा आपलं आपण फिरवलं. मग हंडा डोक्यावर घेऊन गेल्या. मी वर पाहिलं तर आप्पा उभे होते.

किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. तोच शेला, तीच काठी. मी उठून नमस्कार करायला वाकलो, तर त्यांनी काठी मध्ये धरली. मारायला नव्हे. वाकू नको म्हणून. गल्लीत सगळे बघत होते. त्यांनी शेल्याखालून एक नवा तांब्या काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"नाव घालायचं आहे," म्हणाले. परक्या गिऱ्हाइकासारखे.

मीही परक्या कारागिरासारखं विचारलं, "काय घालू?"

"सौ. कालिंदी."

"पुढे?"

शेजारी ठोके चालू होते, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. मला वाटतं, मोठ्याने बोलावं लागलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "अलिबागच्या कोर्टात नकलनविसाची जागा मोकळी झाली आहे. मी शब्द टाकला आहे. सोमवारी हजर झालास तर पुढे तुझं नाव घाल. आपल्या घरात राहा, मुलीला मुंबईच्या तापात न्यायला नको. नाही झालास, तर एवढंच पुरे."

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला काय विचारायचं?"

मी तांब्या घेतला, पोटात फडक्याचा बोळा कोंबला आणि छिन्नी उचलली. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं ते तुला लिहितो, कारण मी काय केलं ते तुला कुणी ना कुणी सांगेल, पण का केलं ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

आधी तूच आलीस. आप्पांच्या ओसरीवर तू, संध्याकाळी मी कोर्टातून येतो आहे. मला ते हवं आहे. तुझ्याशिवाय हे वर्ष कसं गेलं ते मी कधीच लिहिलं नाही. तुझ्या पत्रात त्यांचं अक्षर बघितलं की मी ते पत्र तुझ्या आवाजात वाचायचा प्रयत्न करतो आणि जमत नाही. म्हणून 'हो' तोंडापर्यंत आलं होतं.

पण मग तो शनिवार आठवला. एका माणसाच्या खुर्चीसमोर उभं राहायचं आणि त्याने सांगितलं की उठायचं. कोर्टातही कधी तरी ते यंत्र येईलच. नाही आलं तरी मी आप्पांच्या शब्दावर मिळालेल्या खुर्चीत, आप्पांच्या घरात, आप्पांचा पाहुणा म्हणून म्हातारा होईन. तुला मग माझी बायको म्हणून राहताच येणार नाही, त्यांची मुलगी म्हणूनच राहशील. आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. हे मी आजवर मोठ्याने कुणाजवळ बोललो नाही. हाताला घट्टे पडलेत, पागोटं घालणं सोडलं आहे, ओळखीचे लोक पलीकडून जातात. तरी सकाळी ओटा झाडताना मला कुणाची भीती वाटत नाही. कचेरीत एकही सकाळ अशी गेली नव्हती.

मी 'सौ. कालिंदी' घातलं. तुझं नाव मी पहिल्यांदाच तांब्यावर घातलं, आणि इतकं चांगलं माझ्याकडून आजवर दुसरं कुठलं झालं नाही. फडक्याने पुसून आप्पांना दिलं. त्यांनी नीट न्याहाळलं. त्यांनाही अक्षराची पारख आहेच.

म्हणाले, "नाव एका अंगाला गेलं आहे."

"पुढे जागा ठेवली आहे," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"ते तिला विचारा."

त्यांनी तांब्या शेल्यात गुंडाळला. निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. मला वाटलं रागावतील. पण मागे न बघता म्हणाले, "जेवणाचं काय करतोस?" राधाबाई देतात म्हणालो. मान हलवली आणि गेले. मी त्यांच्यावर रागावलो नाही, तूही रागावू नकोस. मुलगी ज्याला दिली तो माणूस त्यांना ओट्यावर बसलेला दिसला. म्हातारपणी असं बघायला कुणाला आवडेल?

तर तो तांब्या तिकडे आला असेल. नाव मध्यावर नाही, ही कारागिराची चूक नव्हे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. गणपतचं पत्र आलं, तो परत येत नाही. पेणलाच दुकान मांडतो म्हणतो. ओटा माझ्याच नावावर करायला त्याने गल्लीतल्या पंचांना कळवलं आहे. म्हणजे मी आता नाव घालणाराच. कारकुनाशी लग्न झालेली बाई तू, तिला हे न विचारता झालं. तुला हे नको असेल, तर तसं म्हणायचा तुला हक्क आहे, आणि मी तुला दोष देणार नाही. ये असं मी लिहीत नाही. या दिवसांत मुंबईस ये म्हणून कुणी आपल्या माणसाला लिहू नये. शिमग्यानंतर तापाचा जोर ओसरतो म्हणतात. तेव्हाचं तेव्हा, तू ठरव. पण ठरवलंस ते तुझ्या हाताने लिही. 'नाही' असलं तरी तुझ्या अक्षरात असू दे.

चाळीत या वर्षी हळदीकुंकू झालं नाही. बायकाच नाहीत. राधाबाई उद्यापासून नसतील, म्हणजे मजल्यावर दिवा एकटा माझाच.

आणखी एक आहे. गल्ली रविवारीही चालू असते, पण रविवारी मी ओटा उशिरा उघडतो. सकाळी अलिबागकडून येणारी रेवसची बोट लागते तेव्हा मी धक्क्यावर असतो. तू येणार असं कुणी कळवलेलं नसतं. डॉक्टर उतारूंच्या नाड्या बघतात, बायकांना वेगळ्या रांगेत उभं करतात, ती रांग संपेपर्यंत मी थांबतो आणि मग कामाला जातो. गेले कितीतरी रविवार असं चाललं आहे. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

उद्या रविवारी राधाबाईंना बोटीत बसवायचं आहे. उद्या निदान तिथे जायला मला कारण आहे.

तुझाच,
रघुवीर